पंड्यासाहेबांची दोनशे सतरा क्रियापदं

उमरेठच्या हरिवदन पंड्यासाहेबांना इंग्रजीतली दोनशे सतरा अनियमित क्रियापदं तिन्ही रूपांसकट तोंडपाठ होती, आणि इंग्रजी येत नव्हतं. ही गोष्ट सगळ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस म्हणजे त्यांची चौथी पास बायको, इच्छाबेन.

साहेब तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत. पण त्यांचं खरं राज्य घरातल्या पुढच्या खोलीत, सकाळी सहा ते साडेसात. तीस पोरं जमिनीवर मांडी घालून बसायची आणि साहेब झोपाळ्यावर. पायाच्या अंगठ्यानं फरशीला रेटा द्यायचा. झोपाळा पुढे गेला की पहिलं रूप, मागे आला की दुसरं, कडी करकरली की तिसरं. गो, वेंट, गॉन. टेक, टुक, टेकन. पोरं मागून ओरडायची. जो चुकला त्यानं कान धरून रस्त्याच्या दारात उभं राहायचं, म्हणजे दूध घालायला जाणाऱ्या बायका बघून हसायच्या. "क्रियापद म्हणजे इंग्रजीचा कणा," असं साहेब म्हणत. त्या कण्यावर मांस चढवायचं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नाही. वाक्य म्हणाल तर एकच, "सिट डाऊन", आणि तेही बसलेल्या पोरांना.

एकदा गावातल्या बँकेत कोशी नावाचे केरळी मॅनेजर बदलून आले. त्यांना गुजराती येत नव्हतं. वरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते दारात आले आणि फडाफडा इंग्रजीत बोलायला लागले. साहेब झोपाळ्यावरून उठले, "येस, येस" म्हणाले, मग एकदम गालाला रुमाल लावून आत गेले. दाढ दुखायला लागली होती. शेवटी इच्छाबेननीच पाहुण्याला वर नेलं. नळ दाखवला, गच्ची दाखवली, बोटांनी अंड्याचा आकार करून, हे घरात चालणार नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. कोशी पोट धरून हसले आणि दोन वर्षं त्या खोलीत राहिले. त्या दोन वर्षांत साहेब जिन्याकडे पाठ करूनच बसत.

खोली बघून पाहुणा गेल्यावर त्याच दिवशी इच्छाबेननी विचारलं होतं, "दाढ बरी आहे का आता?"

"कोणती दाढ?"

"इंग्रजी बोलणारी."

असं तिरकस बोलणं त्या लग्नानंतर शिकल्या. डाकोरजवळच्या खेड्यातली मुलगी. शाळा ओढ्यापलीकडे म्हणून बापानं चौथीनंतर घरी बसवलेली. सतराव्या वर्षी या घरात आली. तेव्हापासून चौतीस वर्षं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले, "आमच्या घरात शिकलेला मी एकटाच." भरूचला दिलेल्या लेकीचं पत्र आलं की साहेब ते मोठ्यानं वाचत, आणि वाचता वाचता लेकीच्या चुका काढत. पत्रात लेकीला दिवस गेल्याचं लिहिलेलं होतं, तेव्हासुद्धा आधी ऱ्हस्वदीर्घ सुधारून झाले आणि मग ती बातमी इच्छाबेनपर्यंत पोचली.

स्वयंपाकघर पुढच्या खोलीला लागून, मध्ये नुसती मोकळी चौकट. पहाटे उठून इच्छाबेन खाखरे करायला बसत. पातळ पोळी लाटायची, तव्यावर टाकायची, कापडाच्या दट्ट्यानं दाबत दाबत कडक करायची. बाहेर झोपाळा करकरत असायचा. चौतीस वर्षं दोनशे सतरा क्रियापदं रोज कानावर आदळली तर दगडालाही पाठ होतील, आणि इच्छाबेन काही दगड नव्हत्या. अर्थ एकाचाही कळत नव्हता. पण त्यांनी मनातल्या मनात त्यांची घरं लावली होती. थॉट, बॉट, ब्रॉट, कॉट, टॉट, फॉट ही एका आईची पोरं, सगळ्यांचं नाक सारखं. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक या एकाच घरात दिलेल्या जावा. गो-वेंट-गॉन मधलं वेंट हे दुसऱ्याच कुणाचं तरी पोर, दत्तक घेतलेलं. तोंडवळ्यावरूनच कळत होतं. शेक-शूक-शेकन हे त्यांच्या मते सगळ्या इंग्रजीतलं एकमेव कामाचं क्रियापद, कारण ते त्या तव्यावर रोजच करत होत्या. आणि कट-कट-कट, पुट-पुट-पुट, शट-शट-शट आलं की त्या दट्ट्या दाबत पुटपुटायच्या, "हे आमचे साहेब. काल तेच, आज तेच, सरणावरही तेच."

साहेबांना याची गंधवार्ता नव्हती. चुलीपुढे बसलेल्या बाईला कान असतात हेच त्यांच्या ध्यानी आलं नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पौषातली थंडी होती. झोपाळा पुढे गेला, साहेब म्हणाले, "सीक..." झोपाळा मागे आला. काही नाही. पुन्हा रेटा दिला. "सीक..." कडी करकरली. पोरं तोंड उघडी ठेवून वाट बघत होती. साहेबांनी वर आढ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. झोपाळा हळूहळू थांबला.

आणि स्वयंपाकघरातून, तव्यावरची नजर न काढता, आवाज आला, "सॉट, सॉट."

मग मागच्या रांगेतून एक पोरगं फिसकन हसलं, आणि मग तीसच्या तीस हसली. साहेब ताडकन उठून चौकटीत येऊन उभे राहिले.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही."

"मग मध्ये बोललीस कशाला?"

"पोरं थंडीत बसली होती, शब्द येईना. म्हटलं आपल्याकडे पडलाय, देऊन टाकावा."

"पोपटालाही राम राम म्हणता येतं! अर्थ ठाऊक आहे का?"

"नाही. तुम्हाला?"

साहेबांचा चेहरा पडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. इच्छाबेन जेवल्या; कढी छान झाली होती.

दुसऱ्या दिवशी अंबुभाई मिस्त्री माप घ्यायला हजर. चौकटीला दार बसवायचं होतं, चांगलं जाड, आवाज आरपार जाणार नाही असं. अंबुभाईंनी गेल्याच महिन्यात या घराची खिडकी दुरुस्त केली होती, त्यांना कळेना. "साहेब, स्वयंपाकघराला दार? धूर कोंडेल. भाभींना त्रास होईल."

"होऊ दे," साहेब म्हणाले.

दाराच्या मजुरीऐवजी अंबुभाईंच्या मुलीला दहावीचं इंग्रजी शिकवायचं ठरलं. मुलीचं नाव झंखना. दार चार दिवसांत बसलं आणि पाचव्या दिवशी झंखना शिकवणीला आली. पुढच्या खोलीत जागा नव्हती म्हणून ती दाराला पाठ लावून बसायची, आणि शिकवणी सुटली की पाणी प्यायला दार ढकलून आत यायची. अशी ती इच्छाबेनच्या हाती लागली. इच्छाबेनचं ऐकणं काही बंद झालं नव्हतं. दार जाड होतं, पण तीस पोरांचा गळा त्याहून जाड होता. बंद झाली होती ती फक्त हवा. खाखरे करताना डोळ्यांतून पाणी यायचं.

"झंखना," एकदा त्यांनी विचारलं, "सीक-सॉट-सॉट म्हणजे काय गं?"

"ठाऊक नाही, काकी."

"मग ओरडतेस कशाला?"

"साहेब ओरडायला सांगतात. अर्थ विचारला की म्हणतात, अर्थ आपोआप येतो, आधी रूप पक्कं करा."

"चौतीस वर्षं झाली, माझ्याकडे तरी आपोआप आला नाही. रस्ता चुकला असेल."

झंखना वाचनालयातून इंग्रजी-गुजराती शब्दकोश घेऊन आली. पानं सुटलेला, मागचा पुठ्ठा गायब. साहेब दुपारी झोपले की दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. पहिला शब्द काढला, सीक. झंखनानं बोट ठेवून वाचलं, "शोधणे, धुंडणे."

इच्छाबेन इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे त्या दिवशी साहेब 'शोधणे' शोधत होते होय!"

मग रोज दहा शब्द. शेकचा अर्थ हलवणे निघाला तेव्हा त्या जरा हिरमुसल्या. इतकी वर्षं जपलेलं आपलं माणूस परकं निघालं. पण बाकीच्यांची गंमत वाटली. इतका गाजावाजा, झोपाळा, कान धरणं, आणि आत काय? खाणं, पिणं, झोपणं, पडणं, चावणं, विसरणं. "हे तर सगळं मला येतं की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मोठं काहीतरी वेदातलं असेल." इंग्रजीबद्दलही त्यांचं मत फारसं बरं झालं नाही. "ज्या भाषेला काल काय केलं ते सांगायला दर वेळी नवं सोंग घ्यावं लागतं, ती बोलणारी माणसं खोटं बोलत असणार."

मग एक दिवस झंखना शब्दकोशावर डोकं धरून बसली. "काकी, यात चूक आहे."

"कुठे?"

"साहेब शिकवतात, फ्लाय-फ्ल्यू-फ्लोन आणि फ्लो-फ्ल्यू-फ्लोन. यात फ्लाय म्हणजे उडणे, ते बरोबर आहे. पण फ्लो म्हणजे वाहणे, त्याचं फ्लोड-फ्लोड दिलंय."

इच्छाबेननी लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे कुणी नदी वाहिली असं लिहायला गेलं, तर?"

झंखनानं मनात जुळवलं आणि तोंडावर हात ठेवला. "नदी उडाली, असं होतं, काकी."

चौतीस वर्षं. वर्षाला तीस पोरं धरली तरी हजार झाली. हजार पोरांनी परीक्षेत जवळची मही नदी उडवली होती, आणि निकाल लागला की साहेब झोपाळ्यावर बसून म्हणत होते, पेपर तपासणाऱ्यांना इंग्रजी येत नाही.

संध्याकाळी इच्छाबेननी चहाचा कप पुढे ठेवला आणि शब्दकोश त्याच्या शेजारी. "हे जरा बघा."

साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुस्तक उलटं करून बघितलं, जणू मागून वेगळं दिसेल. "छापणाऱ्याची चूक आहे."

"दुसऱ्या पानावरही तसंच आहे."

"मग दोनदा चुकला."

"आणि तुम्ही?"

"मी चौतीस वर्षं शिकवतोय!"

"तेच तर म्हणतेय," इच्छाबेन म्हणाल्या. "मही नदी इतकी वर्षं हवेत आहे. आता तरी खाली उतरवा बिचारीला."

साहेब चहा न पिता फिरायला निघून गेले. पण सोमवारी सकाळी, दाराला कान लावून बसलेल्या इच्छाबेनना स्पष्ट ऐकू आलं. झोपाळा करकरला आणि साहेब म्हणाले, "फ्लो, फ्लोड, फ्लोड. लिहून घ्या. यंदापासून बोर्डानं बदललंय."

इच्छाबेन ते ऐकून हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच शिसारी आली. चूक कुणाचीही होते. पण ती कबूल करायला एक वाक्य लागतं, आणि या माणसाकडे वाक्यच नव्हतं. इंग्रजीतही नाही आणि गुजरातीतही नाही.

त्याच वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी साहेबांचा सत्कार ठरवला. किरीट अमीन नावाचा त्यांचा विद्यार्थी इंग्लंडात लेस्टरला दुकान चालवायचा, तो लग्नसराईला गावी आला होता, त्याचीच कल्पना. शाळेचं सभागृह, शाल, नारळ, चांदीचा मुलामा दिलेली सरस्वती. दोनशे माणसं जमली. भाषणांत जो तो म्हणाला, साहेबांमुळे आम्ही घडलो. त्यातल्या एकानंही इंग्रजीत भाषण केलं नाही. किरीट मात्र लेस्टरमध्ये इंग्रजी कुठे शिकला ते खरंखरं सांगून बसला, "गिऱ्हाइकांकडून, आणि शेजारच्या म्हातारीच्या शिव्यांतून." लोक हसले. मग तो म्हणाला, "पण साहेब, ते तुमचं रोजचं एकदा होऊन जाऊ दे. गो-वेंट-गॉन. आमचे कान तरसलेत."

टाळ्या पडल्या. साहेब उठले, माइकपुढे खुर्ची ठेवली होती तिच्यात बसले आणि सुरू झाले. गो, वेंट, गॉन. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. बायकांच्या रांगेत बसलेल्या इच्छाबेनच्या लगेच लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. साहेबांचा अंगठा व्यासपीठावरच्या सतरंजीला रेटा देत होता, पण खुर्ची काही पुढे जात नव्हती. शब्द तोंडात नव्हतेच कधी. ते त्या झोपाळ्यात होते. वीस झाली, तीस झाली, आवाज अडखळायला लागला. चाळीस पार झाली.

"स्विम..." साहेब म्हणाले.

अंगठ्यानं रेटा दिला. खुर्ची हलली नाही.

"स्विम..."

साहेबांची नजर भिरभिरत भिरभिरत बायकांच्या रांगेवर आली आणि इच्छाबेनवर येऊन थांबली. चौतीस वर्षांत त्यांनी बायकोकडे असं कधी पाहिलं नव्हतं, मागितल्यासारखं. शब्द इच्छाबेनच्या जिभेवर होता. त्यांनी पदर तोंडात दाबला आणि तो गिळला.

"साहेबांचा कंठ दाटला!" किरीट धावत पुढे आला आणि त्यानं साहेबांना मिठी मारली. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले निवृत्त तलाठी डोळे पुसत होते. इच्छाबेनच्या शेजारची बाई त्यांचा पदर तोंडाशी बघून म्हणाली, "रडा, बेन, रडा. असा नवरा मिळायला पुण्य लागतं."

घरी आल्यावर साहेब शालीसकट झोपाळ्यावर बसले. इच्छाबेननी सरस्वती कपाटावर ठेवली.

"तुला येत होतं," साहेब म्हणाले.

"हो."

"मी तुझ्याकडे पाहिलं."

"मीही पाहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मागच्या वेळी सांगितलं तर तुम्ही दार बसवलंत," इच्छाबेन म्हणाल्या. "या वेळी काय, भिंत बांधली असतीत."

साहेबांनी शालीचं टोक बोटांत गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग खाली बघत विचारलं, "काय आहे ते? स्विमचं?"

"स्वॅम, स्वम." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

त्यांच्या मनात दया आली का? थोडी आली असेल. पण मायेच्या आतून तिरस्कार डोकावावा तशी नाही, तिरस्काराच्या आतून दया डोकावावी तशी, आणि लगेच परत आत गेली. कारण पुढे साहेबांनी जे केलं ते साहेबांनाच शोभणारं होतं. शिकवणी चालूच राहिली. दार आता अर्धं उघडं असायचं. शब्द अडला की साहेब खोकायचे, आतून इच्छाबेन रूप सांगायच्या, आणि साहेब मान डोलावून म्हणायचे, "बरोबर." जणू परीक्षेला इच्छाबेनच बसल्या होत्या. पोरांना सगळं कळत होतं. मागच्या रांगेतली पोरं आपसांत पैज लावायची, आज साहेब किती वेळा खोकणार.

झंखनाला दहावीत इंग्रजीत चौसष्ट गुण मिळाले. साहेबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "माझी विद्यार्थिनी." झंखना पेढे घेऊन आली ती थेट स्वयंपाकघरात. पहिला पेढा तिनं काकीच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "काकी, निबंध आला होता, आमची नदी."

"वाहिली ना?"

"वाहिली!"

तीन वर्षांनी साहेब गेले. शेवटी शेवटी ते माणसांची नावं विसरले, लेकीचं गाव विसरले, पण खोकायचं विसरले नाहीत. लोक भेटायला आले. जो तो आपापल्या कान धरण्याची आठवण सांगत होता, आणि तीही प्रेमानं. मार खाल्लेल्या माणसाला म्हातारपणी मारणाराच गोड लागतो हे इच्छाबेननी बघून ठेवलं होतं. त्या डोक्यावरून पदर घेऊन गप्प बसल्या होत्या. मग सत्कारात डोळे पुसणारे तेच निवृत्त तलाठी उसासा टाकून म्हणाले, "काय सांगू, बेन! उमरेठचं इंग्रजी मेलं आज."

"भाई," इच्छाबेन म्हणाल्या, "मरायला आधी जन्मावं लागतं."

तलाठी पाणी प्यायले आणि उठले. लेक आईकडे डोळे मोठे करून बघत होती, पण तिचेही ओठ थरथरत होते, आणि ते रडण्यानं नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. पंधराव्या दिवशी सकाळी सहाला दाराची कडी वाजली. दारात दोन मुली उभ्या होत्या, काखेत वह्या. एकीचं लग्न लेस्टरला ठरलं होतं, दुसरी तिची धाकटी बहीण. शिकवणी संपली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही त्या आल्या होत्या.

"काकी, सगळी दोनशे सतरा पाठ करावी लागतील का हो?" मोठीनं विचारलं.

इच्छाबेननी दोघींना वरून खाली न्याहाळलं. "तिथे गेल्यावर तहान लागली तर काय म्हणशील?"

मुलगी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "ड्रिंक, ड्रँक, ड्रंक?"

"मरशील तहानेनं," इच्छाबेन म्हणाल्या. "बसा खाली. आधी पाणी मागायला शिका. काल पाणी प्यायलं होतं की नाही, ते कुणी विचारलं तर बघू."